आमची जीप

'जुने ते सोने' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. शाळेत तिचा वाक्यात उपयोग करावयास आम्हीच मुलांस सांगतो. ही म्हण सर्वस्वी खरी नाही, असे कोणी काही वर्षांपूर्वी आम्हांस सांगितले असते, तर आम्ही त्याच्याशी वाद घातला असता. आज घालणार नाही. आमच्या मतात हा पालट कसा घडला ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते मांडताना आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे. परंतु वर्षभर मुलांच्या चुकांखाली लाल शाईने रेघा ओढणाऱ्याने वर्षातून एकदा स्वतःच्या चुकीखाली रेघ ओढण्यास संकोच करू नये.

आमचे घर रत्नागिरीहून हातखंब्यास जाणाऱ्या रस्त्याच्या थोडे आत, एका उतारावर आहे. आमचे वडील कंपाउंडर होते. एका सरकारी खात्याने मोडीत काढलेली १९६८ सालची एक जीप त्यांनी १९८६ साली लिलावात घेतली. त्या काळी आमच्या बाजूच्या पुष्कळ वाड्यांवर पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्यात एखाद्या वाडीवर कोणी अत्यवस्थ झाले, म्हणजे माणूस आमच्या दारी येई, आणि वडील भरल्या पावसात जीप काढीत. मे महिन्यात त्याच जीपमध्ये शेजाऱ्यांच्या आंब्याच्या पेट्या चढत; आणि आम्ही भावंडे त्या पेट्यांवर बसून गावभर मिरवत असू. २००४ साली वडील देवाघरी गेले. त्यानंतर जीप चालविणारे कोणी उरले नाही. आम्ही तेव्हा शिक्षणासाठी बाहेर होतो. जीप घरामागच्या मांगरात ढकलण्यात आली, आणि हळूहळू तिच्यावर झावळ्या, पोती व मोडकी खुर्ची यांचा संसार थाटला गेला.

अशी सतरा वर्षे गेली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वाऱ्यात आमच्या फणसाची एक थोर फांदी मांगरावर कोसळली आणि छप्पर खाली आले. दुसऱ्या दिवशी कौले उचलताना जीपचे तोंड पुन्हा उजेडात आले. आठ दिवसांत भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला. भाव वाईट नव्हता. आम्ही आईस विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, "विकायची तर वीक, बाळा, पण वजनावर नको."

त्या एका वाक्याने आमचा व्यवहार मोडला. जीप विकावयाची नाही, दुरुस्त करावयाची, असे ठरले.

कोणत्याही वस्तूची दुरुस्ती करावयाची तर तिचा इतिहास ठाऊक असावा, म्हणून आम्ही प्रथम तोच वाचून काढला. दुसरे महायुद्ध पेटले असता अमेरिकेच्या सैन्यास रस्ता नसेल तेथेही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. १९४० साली अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. पुढे विलीज व फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. परदेशाहून आलेले सुटे भाग मुंबईस माझगावात जोडून येथे जीपगाड्या तयार होऊ लागल्या, आणि कालांतराने ते भागही येथेच बनू लागले.

आमची जीप 'सी. जे. ३ बी.' या जातीची आहे. हा नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला. याचे बॉनेट उंच का, असे मुले आम्हांस विचारतात. कारण असे की, याच्या 'हरिकेन' इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप वरच्या बाजूस बसविली आहे. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि इंजिनासाठी बॉनेट उंच करावे लागले.

आता काम कसे चालले ते सांगतो. काम केवळ सुटीच्या दिवसांत होई; कधी दिवाळी, कधी नाताळ, कधी मे महिना. आमच्या मदतीस आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, आणि सल्ला देण्यास गावातील एक वृद्ध मिस्त्री. त्यांस सारा गाव 'चाचा' म्हणतो. वडिलांच्या हयातीत याच जीपला त्यांचा हात लागलेला होता.

पहिला प्रश्न इंजिनाचा. सतरा वर्षे न फिरल्यामुळे त्याचे दट्ट्ये आत धरून बसले होते. चाचांनी बळ लावू दिले नाही. प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल व इंजिनाचे तेल यांचे मिश्रण ओतावे आणि रोज हँडल थोडेसे दाबून पाहावे, असा त्यांचा उपाय. अकराव्या दिवशी हँडल चार बोटे हलले. त्या दिवशी आमच्या घरात गोड झाले.

दुसरा प्रश्न गंजाचा. रत्नागिरीस वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने असते. लोखंड, पाणी व हवा एकत्र आली की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की पाण्यातून विजेचे वहन सोपे होते आणि गंजाचा वेग वाढतो. आमच्या जीपच्या पायाखालचा पत्रा असा झाला होता की बोट दाबताच आरपार जावे. तो कापून नवा जोडावा लागला. चेसीस मात्र जाड पोलादाची असल्याने शाबूत निघाली. लहान भागांसाठी आम्ही शाळेतल्या रसायनशास्त्राचा आश्रय घेतला. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळविला. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास व लोखंडाची एक टाकाऊ पट्टी धन टोकास जोडली. रात्रभरात गंज सुटून काळ्या गाळाच्या रूपाने खाली येतो. ज्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनी तो मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली व उघड्यावरच करावा, कारण यात हायड्रोजन वायू निघतो व तो पेट घेतो. तसेच धन टोकास स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यापासून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. भाग स्वच्छ झाला की त्याच दिवशी त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा. आपल्या हवेत उघडे लोखंड सकाळी पांढरे दिसले, तरी दिवेलागणीस तांबूस होते.

काम जसे पुढे सरकू लागले तसा पितापुत्रांत मतभेद सुरू झाला. चिरंजीवांस जीप नवी करावयाची होती. त्याने वहीत यादीच केली: डिझेल इंजिन, रुंद टायर, झगझगीत दिवे, गाणी लावण्याचे यंत्र. आम्हांस जीप जुनी करावयाची होती. १९६८ साली जो स्क्रू जेथे होता तोच तेथे असावा, हा आमचा हट्ट. आम्ही त्याची वही घेऊन त्या यादीवर तिरकी रेघ मारली. चाचा विडी ओढीत आमचे भांडण ऐकत आणि एवढेच म्हणत, "सर, आधी थांबवायचं बघा, मग पळवायचं."

थांबविण्याची व्यवस्था, म्हणजे ब्रेक, आम्ही स्वतः बसविले. या जीपमध्ये पायाने पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो, आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत सारखा पोचतो. हा सर्व दाब सिलिंडरमधील एका रबरी वाटीवर अवलंबून असतो. वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत आम्हांस एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात अशा वाट्यांचा एक कोरा संच, कागदात गुंडाळलेला, वडिलांनी जपून ठेवलेला. आम्हांस गहिवरून आले. मुलगा म्हणाला, "पप्पा, रबर जुनं झालंय, नवीन किट आणू या ना. फार महाग नसतं." आम्ही त्यास सुनावले की, आजोबांनी जपलेली अस्सल वस्तू असता बाजारातली कशास हवी? चाचा त्या आठवड्यात आजारी होते. आम्ही त्यांची वाट पाहिली नाही.

२०२२ सालच्या नाताळच्या सुटीतील ही गोष्ट. जीप अंगणात उतारावर उभी होती. मागील चाकांना जांभ्याचे दगड लावलेले होते. चिरंजीवांस आम्ही चालकाच्या जागी बसविले. गाडी चालविण्यासाठी नव्हे, केवळ ब्रेक दाबून धरण्यासाठी. त्याने पट्टी दाबली; ती घट्ट लागली. पुन्हा दाबली, घट्ट लागली. आमची खात्री पटली आणि आम्ही आपल्या हाताने दगड काढले. क्षणभर जीप उभी राहिली. मग त्याच्या पायाखालची पट्टी तळाला गेली आणि जीप मागे जाऊ लागली. हातब्रेकची तार अजून जोडलेली नव्हती. आम्ही पुढून बॉनेट धरून ओढू लागलो; परंतु हजार किलोंहून जड वस्तू मनुष्याच्या हाताने कोठे थांबते! मुलाने प्रसंगावधान राखून चाक वळविले आणि जीप गडग्यावर घातली. गडग्याचे चारपाच दगड ढासळले. जीपचा मागील कोपरा चेपला. मुलाच्या कपाळास टेंगूळ आले. गडगा नसता तर पुढे खाली रस्ता होता.

संध्याकाळी चाचा काठी टेकीत आले. त्यांनी सिलिंडर उघडून ती वाटी आमच्या तळहातावर ठेवली. कडेने तिला तडे गेले होते. रबर वापरले नाही तरी वयाने ताठर होते, ही गोष्ट आम्ही वाचलेली होती. पण वाचलेले आणि मानलेले यांत अंतर असते. चाचा रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुमचे वडील दर मे महिन्यात ही बदलून घ्यायचे. पाऊस लागायच्या आधी. एक वर्ष चुकलं नाही."

आम्ही रात्री वडिलांची जमाखर्चाची वही काढली. खरेच, दर वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या वळणदार अक्षरात तीच नोंद: 'ब्रेकची रबरे नवीन.' २००४ सालची नोंद नव्हती. डब्यातील तो संच त्या वर्षीच्या मे महिन्यासाठी आणलेला होता. तो बसविण्यास ते राहिले नाहीत. जी वस्तू त्यांनी टाकून देण्यासाठी आणली होती, म्हणजे वर्षभर वापरून पुढील मे महिन्यात टाकावयाची होती, ती आम्ही स्मारक समजून अठरा वर्षांनी आपल्या मुलाच्या पायाखाली बसविली होती. वडिलांची जीप वर्षानुवर्षे विश्वासाने धावली, ती जुनी राहिली म्हणून नव्हे. जे झिजते ते वेळेवर नवे केले जाई म्हणून. आम्हांस तिचे केवळ जुनेपण दिसले होते, त्यांची नवे करण्याची शिस्त दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवताना सर्वांसमक्ष आम्ही मुलास म्हणालो, "बाळ, तुझे खरे होते. आमचे चुकले." वीस वर्षे वर्गासमोर उभे राहणाऱ्यास हे वाक्य वाटते तितके सोपे नाही. मुलाने घास गिळला आणि विचारले, "मग पप्पा, डिझेल इंजिन?" आईस इतके हसू आले की तिला पाणी द्यावे लागले.

डिझेल इंजिन आम्ही बसविले नाही. मात्र या खेपेस हुकूम न करता कारणे दिली. दोघांनी मिळून वहीचे नवे पान घेतले आणि मध्ये उभी रेघ ओढली. ज्या वस्तूने ही जीप ही जीप ठरते, म्हणजे चेसीस, अंगाचा पत्रा, इंजिन, तोंडावरच्या सात फटी, ते डावीकडे. ते जुनेच राखावयाचे. जी वस्तू निकामी झाल्यास माणसास इजा होईल, ते उजवीकडे. ते नवे करावयाचे, आणि मूळ रचनेहून चांगले करता येत असेल तर तसे करावयाचे. मूळ ब्रेकमध्ये एक नळी फुटली तर चारही चाके निराधार होत. आता पुढील व मागील चाकांसाठी दोन स्वतंत्र कप्पे असलेला मास्टर सिलिंडर बसविला आहे, त्यामुळे एक बाजू गेली तरी दुसरी उरते. जुन्या तारांचे आवरण पिचले होते. नव्या तारा फ्यूजसह घातल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते जुन्या रबरास मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असल्याने हा बदल आम्ही सर्वांत आधी केला. कंबरेचे पट्टे या जीपला मुळात नव्हते. तेही खाली जाड पट्ट्या देऊन बसविले. प्रत्येक बदल वहीत तारखेसह नोंदला आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवला.

या बाबतीत कायदाही पाहावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गोष्टी कारखान्याच्या मूळ नमुन्याहून वेगळ्या होतील असा फेरफार मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये निघालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते व क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र चेसीस, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो, आणि असे वाहन प्रदर्शन, शर्यत-मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांखेरीज रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमची डावी बाजू आणि सरकारची यादी जवळजवळ एकच निघाली, हे पाहून चिरंजीवांस डिझेलचा विसर पडला. आम्ही व्हिंटेज नोंदणी घेतली नाही. जी जीप रुग्णांसाठी भर पावसात निघत असे, तिने केवळ प्रदर्शनात उभे राहावे हे आईस पसंत पडेना. म्हणून साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद दिले आहेत. ते काम अजून चालू आहे.

यंदाच्या दिवाळीत जीपला तिचा जुना हिरवा रंग लागला. मागील कोपऱ्यावरील चेप मात्र आम्ही काढला नाही. तेवढी लाल शाईची रेघ तिच्यावर असू द्यावी, असे आम्हांसच वाटले. भाऊबीजेच्या सकाळी इंजिन चालू केले. आई काठी टेकीत आली आणि पुढच्या आसनावर बसली. आम्ही गिअर टाकणार, इतक्यात तिने आमच्या हातावर हात ठेवला. "थांब. आधी ब्रेक तीनदा दाब. तुझे बाबा दाबायचे."

आम्ही तीनदा दाबला. तिन्ही वेळा पट्टी एकाच जागी घट्ट लागली. मग जीप अंगणातून वर निघाली, फणसाला वळसा घालून फाटकापाशी आली. पलीकडे डांबरी रस्ता होता. मागे बसलेला मुलगा म्हणाला, "पप्पा, हातखंब्यापर्यंतच जाऊ या ना! कोण बघतंय?" आईने मागे वळून त्याच्याकडे पाहिले. आम्ही उत्तर दिले नाही. जीप फाटकाच्या आत वळविली आणि परत मांगरापाशी आणून उभी केली. चाकामागे दगड लावण्याचे काम मुलाने न सांगता केले.

कागद आले की आधी आईस घेऊन हातखंब्यास जाऊ. तोवर मे महिना आलाच, तर वहीत एक नोंद करावयाची आहे: 'ब्रेकची रबरे नवीन.' ती चिरंजीवांच्या अक्षरात असेल.